उंच खुर्चीचे पाय काढल्यावर

शहापूरमधील आमच्या घरात आजही पाट मांडून, जमिनीवर बसूनच जेवण होते. त्यामुळे लहान मुलाच्या जेवणाची उंच खुर्ची ही वस्तू आमच्या उंबऱ्याच्या आत येईल असे मला कधी वाटले नव्हते. नातू २२ महिन्यांचा असताना बेळगावच्या बाजारातून साडेचार हजार रुपयांना ती आणली आणि पुढचे आठ महिने दोन्ही वेळच्या जेवणाला वापरली. विकत घेतली तशी वापरली असती, तर हे पैसे वाया गेले असे मी लिहिले असते.

नातवाचा आहार तेव्हा दहीभात, बिस्किटे, डोसा आणि बाटलीतले दूध एवढ्यावर येऊन ठेपला होता. भाजीचा कण जिभेला लागला तरी तो उबळ काढी, आणि मी वाटी घेऊन अंगणभर त्याच्या मागे फिरत असे. बालरोगतज्ज्ञांनी त्याचे वजन आणि उंची जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढ-तक्त्यावर मांडून दाखवली. दोन्ही रेषा आपापल्या मार्गाने व्यवस्थित चढत होत्या. हिमोग्लोबिन मात्र कमी भरले. दिवसाला जवळजवळ लिटरभर जाणारे दूध अर्ध्या लिटरच्या आत आणा, असे त्यांनी सांगितले. दुधात लोह अगदी थोडे असते आणि पोट मात्र त्यानेच भरून जाते. त्यानंतर ज्या ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे (खाणे-बसणे अशी रोजची कामे मुलाला जमावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञाकडे) आम्हाला पाठवले, त्यांनी घास भरवताना आम्हाला पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला तो त्याच्या पायांविषयी. मी त्याला मांडीवर घेऊन, समोर मोबाइल लावून भरवत होते. त्याचे पाय हवेत लोंबकळत होते.

त्यांनी सांगितलेले कारण मला लगेच पटले. कंबर, गुडघे आणि घोटे साधारण काटकोनात, पाठीला आधार आणि तळवे टेकलेले असतील, तर मुलाला तोल सावरण्यात शक्ती घालवावी लागत नाही आणि त्याचे लक्ष तोंडातल्या घासाकडे राहते. ज्याला शंका असेल त्याने उंच स्टुलावर पाय लोंबकळत ठेवून ज्वारीची भाकरी चावून पाहावी. नेमके याच बाबतीत या खुर्चीचे घडणारे चुकले आहेत. पाय टेकण्याची पट्टी एकाच जागी पक्की बसवलेली आहे, आणि दोन वर्षांच्या मुलाचे तळवे तिच्यापासून वीतभर वरच राहतात. पहिले दोन आठवडे आम्ही जुने दिवाळी अंक सुतळीने घट्ट बांधून त्या पट्टीवर ठेवले. नंतर अनगोळच्या एका सुतारांनी अडीचशे रुपयांत वर-खाली सरकणारी लाकडी फळी बसवून दिली. खुर्ची घ्यायला जाल तेव्हा गादीचा रंग नंतर पाहा, आधी मुलाला बसवून त्याचे पाय कुठे टेकतात ते पाहा.

दुसरी अडचण उंचीची होती. ही खुर्ची डायनिंग टेबल असलेल्या घरासाठी बनलेली आहे. आम्ही सगळे खाली पाटावर आणि हा एकटाच वर, अशी पंगत चार दिवस झाली. त्याला आमची ताटे दिसत नव्हती आणि तो सारखा उतरण्यासाठी धडपडत होता. पाचव्या दिवशी सुनेच्या लक्षात आले की पायांच्या नळ्यांचा खालचा भाग काढता येतो. तो काढल्यावर खुर्ची निम्म्या उंचीची झाली आणि नातू आमच्या पंगतीत आला. माझ्या ताटातला झुणका त्याने पहिल्यांदा बोटाने उचलला तो याच बैठकीत. उचलला, चुरगळला आणि टाकून दिला. थेरपिस्टच्या मते तेही शिकणेच होते.

स्वच्छतेच्या बाबतीत मात्र हे प्रकरण तापदायक आहे. गादीच्या शिवणीत भाताची शिते अडकतात, पट्ट्यांत आमटी मुरते आणि त्यांचा वास धुऊनही जात नाही. ट्रे एवढा रुंद आहे की तो मोरीतच धुवावा लागतो. शेवटी आम्ही गादी काढून टाकली.

खुर्चीने मूल खाऊ लागते, असा समज कोणी करून घेऊ नये. मोबाइल बंद झाला, जेवण अर्ध्या तासात आटोपू लागले, आणि सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे मी गप्प बसायला शिकले. काय, केव्हा आणि कुठे वाढायचे हे मोठ्यांनी ठरवावे. खायचे की नाही आणि किती, हे मुलाने ठरवावे, ही एलिन सॅटर या अमेरिकी आहारतज्ज्ञ बाईंची विभागणी आम्हाला समजावून सांगण्यात आली. 'आणखी एकच घास, माझ्या राजा' म्हणत ज्या पिढीने मुले वाढवली, तिला हे जिवावर येते. नवा पदार्थ स्वीकारण्याआधी मुलाला तो आठ-दहा, कधी पंधरा वेळाही समोर दिसावा लागतो, हे मी आता स्वतः मोजून पाहिले आहे. नाचणीची आंबील त्याने शेवटपर्यंत नाकारली, पण नाचणीचा डोसा बाराव्या वेळी खाल्ला. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, म्हणून दूध कमी केल्याची माझी धास्तीही थोडी उतरली. कोथिंबीर दिसली की तो अजूनही ताट सरकवतो.

पट्टे लावल्याशिवाय मुलाला बसवू नये आणि बसवल्यावर त्याला एकटे सोडू नये. उबळ येणे आणि घास अडकणे यांत फरक आहे: उबळीत आवाज आणि खोकला असतो, श्वास पूर्ण कोंडला की आवाजच निघत नाही. आमच्या भागात शेंगदाणे घरोघरी असतात. लहान मुलाला ते अख्खे न देता कूट करून द्यावेत आणि द्राक्षे उभी चिरून द्यावीत. ज्या मुलाचे वजन घटत आहे, जे प्रत्येक जेवणात ठसकते किंवा पूर्वी खात असलेले पदार्थही एकेक करून सोडत आहे, त्याच्या पालकांनी खुर्चीच्या दुकानाआधी डॉक्टरांकडे जावे.

सोबतच्या माहितीपत्रकात १५ किलोपर्यंतची मर्यादा दिली आहे, पण आमच्याकडे खुर्चीची गरज त्याआधीच संपली. गेल्या महिन्यापासून नातू मांडी घालून माझ्या शेजारच्या पाटावर बसतो. खुर्ची निपाणीला भाचीकडे पाठवली आहे, गादीशिवाय आणि सुतारांच्या फळीसकट.