बीपी मशीनने नाकारलेले सेल आणि तीन बॅटऱ्या : आठ महिन्यांचा अनुभव

आधी भाषेचं स्पष्ट करते. आमच्या घरात ‘बॅटरी’ म्हणजे टॉर्च आणि तिच्या पोटात जातो तो ‘सेल’. सासूबाईंचे शब्द आहेत, तेच ठेवते.

कुर्ल्याला नेहरूनगरमध्ये आमचं वन रूम किचन. रात्री खोलीभर अंथरुणं, आणि सासूबाई बाथरूमला दोनदा तरी उठणार. मोबाइलचा टॉर्च लावला की मुलगा चुळबुळतो आणि त्यांचेही डोळे दिपतात. त्यांना पायाखालची लादी दिसेल एवढाच उजेड हवा असतो. दुसरीकडे त्यांच्याच बीपी मशीनमधून निघालेल्या पेन्सिल सेलनी बोर्नव्हिटाची बरणी निम्मी भरली होती. मशीनला एका वेळी चार लागतात. मुलाच्या रिमोटच्या गाडीचे निघतात ते वेगळेच.

भाचा डिप्लोमाला आहे, इलेक्ट्रॉनिक्स. त्याने मीटर लावला आणि म्हणाला, “मावशी, हे संपलेत कोण म्हणालं?” अल्कलाइन सेल नवा असताना १.५ व्होल्टच्या थोडा वर असतो. हे बहुतेक १.२५ ते १.३ दाखवत होते. मशीनमधला पंप हवा भरताना एकदम जास्त करंट ओढतो. वापरलेल्या सेलचा आतला रोध वाढलेला असतो, त्यामुळे तेवढ्या क्षणापुरतं व्होल्टेज कोसळतं आणि मशीन ‘सेल बदला’ची खूण दाखवतं. करंट बेताने मागणारं काही असेल, तर तोच सेल आणखी बरेच दिवस निघतो. भिंतीवरचं घड्याळ हे त्याचं जुनं उदाहरण, पण घड्याळं घरात दोन आणि सेल बरणीभर.

मग जूनपासून तीन बॅटऱ्या वापरून पाहिल्या. नोंदी कालनिर्णयवर, दुधाच्या हिशेबाशेजारी.

पहिली लोकलमध्ये घेतलेली, रिमोटच्या बारक्या तीन सेलची. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात. तीन सेल एकापुढे एक जोडले की ते सहज मिळतात, आत वेगळं सर्किट लागत नाही. तिन्ही सेल सारखेच थकलेले असतील तर ही मंद होत होत बरीच चालते. पण सारखे थकलेले तीन सेल घरात मिळतात कधी? एक आधी संपतो, उरलेले दोघे त्याच्यातून तरीही करंट ढकलत राहतात, त्याचं व्होल्टेज उलटं होतं आणि तो गळायला लागतो. जुलैत तेच झालं. महिन्याभरात मी ती बाद केली.

दुसरी ऑनलाइन मागवलेली, एका पेन्सिल सेलची, ॲल्युमिनियमची. आत व्होल्टेज चढवणारं सर्किट आहे, त्यामुळे दीड व्होल्टवरही एलईडी पेटतो. मंद मोडवरचा उजेड सासूबाईंना अगदी हवा तसा. खोट एकच, पण मोठी. बटण दाबलं की आधी फुल लागते, मंदवर आणायला अर्धं बटण पुन्हा दाबावं लागतं. अर्धमेला सेल त्या पहिल्या फुललाच मान टाकतो. लुकलुकते, विझते, परत फुल, परत विझते. रात्री दोन वाजता सासूबाई अंधारात टकटक बटण दाबत उभ्या! १.२ च्या वरचा सेल असेल तर ही छान. खालच्याला हिच्यात घालू नये. घेणाऱ्यांनी एवढं बघावं : मंदवरच सुरू होणारी किंवा शेवटचा मोड लक्षात ठेवणारी बॅटरी मिळाली तर दोन पैसे जास्त द्या.

तिसरी भाच्याने करून दिली आणि घरात राज्य तिचंच आहे. या सर्किटला जूल थीफ म्हणतात. जूल हे ऊर्जेचं एकक, म्हणजे नावातच ‘ज्वेल थीफ’वर कोटी आहे. एक ट्रान्झिस्टर, एक किलोओहमचा रोध, एक एलईडी आणि फेराइटच्या कड्यावर गुंडाळलेले तारेचे दोन पदर, बस. ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो, दर वेळी बंद होताना गुंडाळी व्होल्टेजचा झटका देते आणि त्यावर एलईडी पेटतो. डोळ्यांना तो अखंड पेटलेलाच दिसतो. बीसी ५४७ ट्रान्झिस्टर आणि एलईडी त्याने लॅमिंग्टन रोडवरून आणले, कडं मात्र आमच्याच जळलेल्या सीएफएलच्या बुडातून काढलं. (तुम्ही काढलंत तर वरची काचेची नळी फोडू नका, तिच्यात पारा असतो.) सगळं साबणाच्या डबीत बसलं. दिसायला अगदीच गबाळं आहे.

पण चालतं किती! बीपी मशीनने नाकारलेला १.२८ चा सेल सोमवारी संध्याकाळी घालून मुद्दाम चालूच ठेवला. बुधवारी रात्री लादीवरची चप्पल दिसत होती, शुक्रवारी सकाळी एलईडी नुसता काजव्यासारखा उरला होता. रोज रात्री पाच-दहा मिनिटंच लागत असल्याने एक सेल आम्हाला महिनोन् महिने पुरतो.

आता माझी चूक. गणपतीला संगमेश्वरला गेलो, बारा दिवस. ॲल्युमिनियमच्या बॅटरीत ०.९ चा सेल तसाच राहिला. परत आलो तेव्हा स्प्रिंगवर पांढरा भुगा आणि झाकण घट्ट. अल्कलाइन सेलमधून गळतो तो क्षार असतो, म्हणून लिंबाच्या रसात भिजवलेल्या कापसाने पुसून, कोरडं करून, सँडपेपर मारला. चालू झाली, पण झाकणाचे आटे थोडे खरखरतात. पिळून काढलेले सेलच जास्त गळतात, हे आधी माहीत असतं तर बरं झालं असतं.

आणखी एक. चार्जिंगचे सेल या डबीत चुकूनही घालू नका. डबीला थांबणं ठाऊक नाही. चार्जिंगचा सेल १ व्होल्टच्या फार खाली गेला की खराब होतो, मग बचत राहिली बाजूला, नवा सेल अंगावर पडतो.

बचत म्हणाल तर नगण्य. वर्षाला शंभर-दीडशे रुपये वाचले तर वाचले. आणि लाइट गेल्यावर हाताशी ठेवायची बॅटरी ही नव्हे. २६ जुलै २००५ कुर्ल्यात काढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. त्यासाठी कपाटात वेगळी बॅटरी आहे, नवे सेल तिच्या बाहेर, पाकिटात.

खरोखर मेलेले सेल मी आता ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकत नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांत हे साधे सेलही येतात. वेगळ्या पिशवीत साठवते आणि ई-कचरा घेणारे सोसायटीत आले की देते.

०.८ च्या खाली गेला की सेल काढायचा, असा गणपतीनंतर माझा नियम. काल डबीतला मोजला, ०.७४. काढायला गेले तर सासूबाईंनी हात धरला. “पेटतंय ना अजून? मग राहू दे की.” त्या झोपल्यावर बदलला. सकाळी म्हणाल्या, “बघ, तू उगाच घाई करत होतीस. रात्री तर उलट जास्तच उजेड होता.”