नव्या सर्व्हर प्रोजेक्टसाठी कोणतं फ्रेमवर्क? जँगो, रेल्स, लाराव्हेल, फास्टएपीआय, एक्सप्रेस, स्प्रिंग बूट आणि गो

बहुतेक टीम फ्रेमवर्कची निवड वेगाच्या आकड्यांपासून सुरू करतात. मी ते आकडे सगळ्यात शेवटी बघतो. लॉगिन कसं असेल, डेटाबेसमधले बदल कसे नोंदवले जातील, ईमेल कुठून सुटेल, चूक झाली तर ती कुठे पकडली जाईल, असे शेकडो निर्णय कुणीतरी आधीच घेऊन ठेवलेले असतात, ते म्हणजे फ्रेमवर्क. काही फ्रेमवर्क यातले बरेचसे निर्णय घेतात, काही जवळजवळ सगळे तुमच्यावर सोडतात. सोडलेले निर्णय टळत मात्र नाहीत. ते टीममधल्या कुणाला तरी घ्यावेच लागतात, आणि बऱ्याचदा रिलीजच्या आदल्या दिवशी. म्हणून निवड करताना पहिला प्रश्न हा विचारा: कोणते निर्णय स्वतः घ्यायची आपली तयारी आहे?

तुलना हवेत राहू नये म्हणून एकच काम डोळ्यासमोर धरू. वापरकर्ता लॉगिन करून तक्रार नोंदवतो आणि सोबत फोटो जोडतो. कर्मचारी यादी बघून तक्रारीची स्थिती बदलतो. स्थिती बदलली की वापरकर्त्याला ईमेल जातो. धंद्याची पुष्कळशी सॉफ्टवेअर म्हणजे याचीच मोठी आवृत्ती असते.

जँगो, रेल्स, लाराव्हेल: सगळं सोबत आणणारे

पायथन भाषेतलं जँगो अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या वृत्तपत्राच्या वेब टीममध्ये घडलं आणि २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. वृत्तपत्राच्या वेळापत्रकाचा ठसा त्यावर अजून दिसतो. तक्रारीचं मॉडेल (डेटाबेसमधल्या टेबलाचं कोडमधलं रूप) लिहा, दोन ओळींत ॲडमिनमध्ये नोंदवा, की कर्मचाऱ्यांची स्क्रीन तयार: यादी आणि अधिकार लगेच, शोध आणि फिल्टर आणखी एक-दोन ओळींत. आमच्या उदाहरणातलं निम्मं काम इथेच संपतं. पासवर्ड हॅश करणं, फॉर्मला सीएसआरएफ संरक्षण (दुसऱ्या साइटने वापरकर्त्याच्या नावाने फॉर्म पाठवू नये म्हणून), टेम्प्लेटमधला मजकूर एस्केप करणं (त्यातला घातक कोड निष्प्रभ करणं) हे न सांगता होतं. १.७ आवृत्तीपासून (२०१४) मायग्रेशनही, म्हणजे डेटाबेसच्या रचनेतल्या बदलांची नोंद, आतच आहे: मॉडेल बदललं की एका कमांडने बदलाची फाइल तयार होते आणि ती कोडसोबत गिटमध्ये जाते.

ईमेलच्या कामात मात्र जँगो थोडं मागे पडतं. मागे चालणाऱ्या कामांसाठी वर्षानुवर्षं सेलरी ही वेगळी लायब्ररी जोडावी लागायची. ६.० मध्ये (डिसेंबर २०२५) त्यासाठी एक ठरीव रचना आली, पण प्रॉडक्शनमध्ये ते काम प्रत्यक्ष उचलणारा वर्कर अजूनही बाहेरूनच आणावा लागतो. इथे पीएचपीमधलं लाराव्हेल सरस आहे. क्यू (मागे करायच्या कामांची रांग), ईमेल, नोटिफिकेशन, फाइल साठवण हे सगळं एकाच शैलीत, एकाच दस्तऐवजात मिळतं. रुबीमधल्या रेल्सनेही ८.० मध्ये (नोव्हेंबर २०२४) सॉलिड क्यू हे रांगेचं साधन सोबतच दिलं. कामांची रांग डेटाबेसमध्येच राहते, त्यामुळे छोट्या टीमला फक्त रांगेसाठी रेडिस हा वेगळा सर्व्हर सांभाळावा लागत नाही. माझ्या मते अलीकडच्या काळात छोट्या टीमसाठी झालेली ही सगळ्यात मोलाची सुधारणा आहे.

या तिघांचा एक समान धोका जवळून बघण्यासारखा आहे. तक्रारींच्या यादीत ५० ओळी आहेत आणि प्रत्येक ओळीत वापरकर्त्याचं नाव दाखवायचं आहे. टेम्प्लेटमध्ये ‘तक्रार, तिचा वापरकर्ता, त्याचं नाव’ असं सहज लिहिलं जातं आणि चालतंही. पण मागे यादीसाठी एक आणि नावांसाठी ५० अशा ५१ क्वेरी (डेटाबेसला विचारलेले प्रश्न) सुटतात. विकासकाच्या मशीनवर दहाच नोंदी असतात, डेटाबेसही त्याच मशीनवर असतो, म्हणून काही जाणवत नाही. प्रॉडक्शनमध्ये पान रेंगाळतं आणि दोष भाषेच्या माथी मारला जातो. जँगोमध्ये सिलेक्ट रिलेटेड (जोडलेली नोंदही सोबतच आणा, ही सूचना) लावलं की ५१ ची एक क्वेरी होते, फक्त ते लावायचं लक्षात राहायला हवं. लाराव्हेलमध्ये लेझी लोडिंगवर, म्हणजे लागेल तेव्हा एकेक नोंद आणण्यावर, बंदी घालणारी सेटिंग आहे. ती लावली की विकास करतानाच एरर येते. रेल्समध्ये ६.१ पासून स्ट्रिक्ट लोडिंग हेच काम करतं. जँगो घेणार असाल तर महत्त्वाच्या पानांच्या टेस्टमध्ये क्वेरींची संख्या तपासणारी एक ओळ पहिल्या दिवसापासून घाला.

रेल्सकडून शिकण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. मार्च २०१२ मध्ये रेल्सवर चालणाऱ्या गिटहब या कोड साठवायच्या साइटवर एका वापरकर्त्याने फॉर्ममधून एक जादा फील्ड पाठवून स्वतःला दुसऱ्याच्या प्रकल्पात लिहिण्याचा अधिकार मिळवून दाखवला. फॉर्ममधून आलेलं सगळं थेट मॉडेलमध्ये भरू द्यायचं, असा रेल्सचा तेव्हाचा मूळ स्वभाव होता. पुढच्या वर्षी रेल्स ४ मध्ये कोणती फील्ड चालतील हे स्पष्ट लिहायची सक्ती आली. सुरक्षेचं साधन फ्रेमवर्कमध्ये आहे की नाही एवढं बघून भागत नाही. न सांगता ते चालू असतं का, हे बघायचं.

फास्टएपीआय आणि एक्सप्रेस: मोकळं मैदान

फास्टएपीआय डिसेंबर २०१८ मध्ये आलं. स्टारलेट (वेबची कामं) आणि पायडॅन्टिक (डेटाची तपासणी) या दोन पायथन लायब्ररींवर ते उभं आहे. पायथनच्या टाइप हिंट (कोणत्या फील्डमध्ये कोणत्या प्रकारचा डेटा येईल) लिहिल्या की येणारा डेटा तपासला जातो आणि एपीआयचं, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमने तुमच्या सर्व्हरशी कसं बोलायचं याचं, दस्तऐवजीकरण आपोआप तयार होतं. मोबाइल ॲप किंवा वेगळा फ्रंटएंड (ब्राउझरमध्ये चालणारा भाग) असेल तर हे फार सुखाचं आहे. दुसऱ्या टीमला ‘अमुक फील्ड सक्तीचं आहे का’ हे विचारत बसावं लागत नाही. मशीन लर्निंगचं मॉडेल सेवा म्हणून चालवायचं असेल तर पहिली पसंती मी यालाच देईन.

पण आपल्या तक्रारीच्या कामात ॲडमिन स्क्रीन नाही, वापरकर्त्यांचं टेबल नाही, मायग्रेशन नाही. एसक्यूएलअल्केमी (डेटाबेससाठी), अलेम्बिक (मायग्रेशनसाठी), लॉगिनची लायब्ररी हे सगळं तुम्ही निवडायचं, जोडायचं आणि पुढे अपग्रेडही करत राहायचं. ईमेलसाठी बॅकग्राउंड टास्क नावाची सोय आहे. ती त्याच प्रोसेसमध्ये चालते, म्हणून सर्व्हर मध्येच रीस्टार्ट झाला तर ईमेल गेला तो गेलाच. जे काम चुकून चालणार नाही ते तिथे ठेवू नका.

असिंकच्या, म्हणजे उत्तराची वाट बघताना दुसरं काम उरकणाऱ्या कोडच्या, बाबतीत नवख्यांची सगळ्यात जास्त फसगत इथे होते. फंक्शन ‘असिंक डेफ’ म्हणून लिहायचं आणि आत बाहेरच्या सेवेला रिक्वेस्ट्स या नेहमीच्या लायब्ररीने हाक मारायची, हा प्रकार पुष्कळ कोडमध्ये सापडतो. ती सेवा पाच सेकंद गप्प राहिली तर त्या प्रोसेसचा इव्हेंट लूप (सगळ्या रिक्वेस्ट आळीपाळीने पुढे नेणारं चक्र) पाच सेकंद अडकतो. त्या प्रोसेसमधल्या बाकी सगळ्या रिक्वेस्ट थांबतात, अगदी सर्व्हर जिवंत आहे का हे विचारणारी हेल्थ चेकसुद्धा. सीपीयू मोकळा दिसतो, त्यामुळे कारण सापडता सापडत नाही. तेच फंक्शन साध्या ‘डेफ’ने लिहिलं असतं तर फास्टएपीआयने ते थ्रेड पूलमध्ये, म्हणजे वेगळ्या समांतर धाग्यावर, चालवलं असतं, आणि मूळ सेटिंगमध्ये तिथे ४० थ्रेड असतात. शंका असेल तिथे साधं ‘डेफ’ लिहावं.

एक्सप्रेस २०१० पासून आहे आणि इतकं छोटं आहे की दुपारभरात सगळं वाचून होतं. फ्रंटएंड आणि बॅकएंडला (सर्व्हरवरच्या भागाला) एकच भाषा, जावास्क्रिप्ट, हा त्याचा खरा फायदा. आवृत्ती ४ मध्ये असिंक हँडलरमध्ये चूक झाली आणि ती स्वतः पकडली नाही, तर रिक्वेस्ट लटकून राहायची. नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) १५ पासून तर अशी न पकडलेली चूक मूळ सेटिंगमध्ये अख्खी प्रोसेसच पाडते. एक्सप्रेस ५ ने, म्हणजे आवृत्ती ४ नंतर दहा वर्षांनी २०२४ मध्ये, हे सुधारलं. नवं काम ४ वर सुरू करू नका. टीम चार-पाच जणांच्या वर असेल तर नेस्ट घ्या, ते नोडवरचंच पण ठरलेली रचना देणारं फ्रेमवर्क आहे. नाहीतर प्रत्येक जण फोल्डरची रचना आपापल्या पद्धतीने करतो आणि सहा महिन्यांनी एकाच प्रोजेक्टमध्ये तीन शैली नांदताना दिसतात.

स्प्रिंग बूट, आणि थोडं एएसपी डॉट नेट कोअरबद्दल

व्यवहार मोठे, नियम किचकट, पाच-सहा जुन्या प्रणालींशी बोलायचं आणि सॉफ्टवेअर दहा-पंधरा वर्षं चालवायचं, असं असेल तर जावामधल्या स्प्रिंग बूटला टाळू नका. पहिली आवृत्ती २०१४ ची. सुरुवातीला अवजड वाटतं, मेमरी जास्त खातं, पण मेसेज क्यू, बॅच, सुरक्षा, निरीक्षण यांतला बहुतेक प्रश्न आधी कुणीतरी सोडवलेला असतो.

सगळ्यात जास्त सांभाळायचं ते ट्रान्झॅक्शनल या ॲनोटेशनला (मेथडमधले डेटाबेसचे बदल सगळे होतील किंवा एकही नाही, असं सांगणाऱ्या खुणेला). ते प्रॉक्सीतून, म्हणजे क्लासभोवती बाहेरून घातलेल्या वेष्टणातून, काम करतं. एकाच क्लासमधल्या एका मेथडने दुसरीला हाक मारली, तर दुसरीवर लावलेलं ॲनोटेशन निष्प्रभ ठरतं आणि कुठलीही एरर येत नाही. शिवाय मूळ सेटिंगमध्ये फक्त अनचेक्ड एक्सेप्शनवर (जी पकडायची सक्ती जावा करत नाही अशा चुकीवर) रोलबॅक होतो, म्हणजे बदल मागे घेतले जातात. चेक्ड एक्सेप्शन फेकलं तर अर्धवट झालेलं काम कमिट होतं, म्हणजे पक्कं होतं. पैशाच्या व्यवहारात हे माहीत नसणं परवडत नाही. नव्या माणसाच्या हाती कोड देण्याआधी या दोन गोष्टी त्याला टेस्ट लिहून दाखवा.

जावा २१ मधले व्हर्च्युअल थ्रेड (हजारोंनी चालवता येणारे हलके धागे) स्प्रिंग बूट ३.२ पासून एका सेटिंगने चालू होतात. त्यामुळे किचकट रिअ‍ॅक्टिव्ह कोड लिहायची गरज पुष्कळ कमी झाली. पण हिकारी या कनेक्शन पूलमध्ये (डेटाबेसशी उघडून ठेवलेल्या जोडण्यांच्या साठ्यात) न सांगता दहाच कनेक्शन असतात. हजार रिक्वेस्ट आत घेतल्या तरी डेटाबेसच्या दारात रांग लागणारच. पूल किती मोठा ठेवायचा हे डेटाबेस बघून ठरवा. पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसची मूळ मर्यादा १०० कनेक्शनची असते, आणि तुमच्या ॲपच्या सगळ्या प्रती तीच वाटून घेतात.

टीमला सी शार्प येत असेल तर एएसपी डॉट नेट कोअर हा तितकाच भक्कम पर्याय आहे. २०१६ पासून ते लिनक्सवर चालतं आणि मुक्तस्रोत आहे. त्यावर विंडोजपुरतं म्हणून काट मारणं आता चुकीचं ठरेल.

गो: फ्रेमवर्क न घेण्याचा पर्याय

गो ही भाषा आहे, आणि १.२२ पासून (फेब्रुवारी २०२४) तिच्या मूळ लायब्ररीतल्या राउटरलाच (कोणती रिक्वेस्ट कोणत्या कोडकडे जाईल हे ठरवणाऱ्या भागाला) मेथड आणि पाथमधली बदलती नावं कळतात. छोट्या सेवेसाठी बाहेरचं काहीच लागत नाही. एक बायनरी (थेट चालणारी एकच फाइल) तयार होते, ती सर्व्हरवर ठेवायची. २०१२ च्या गो १ सोबत दिलेलं सुसंगततेचं वचन आजवर पाळलं गेलंय, म्हणून जुना कोड नव्या आवृत्तीवर सहसा जसाच्या तसा बिल्ड होतो. प्रॉक्सी, गेटवे, हजारो कनेक्शन उघडी ठेवणारी सेवा यांसाठी गो उत्तम. आमच्या तक्रारीच्या ॲपसाठी मात्र मी ते घेणार नाही. फॉर्म, अधिकार, ॲडमिन हे सगळं हाताने लिहावं लागेल आणि त्यातून वापरकर्त्याच्या पदरात नवं काही पडणार नाही.

वेग आणि अपग्रेड

टेकएम्पॉवर या कंपनीच्या फ्रेमवर्कांच्या वेगाच्या चाचण्या २०१३ पासून प्रसिद्ध होत होत्या आणि त्यांत फ्रेमवर्कांमध्ये कित्येक पटींचा फरक दिसायचा. फरक खरा आहे. पण तो दिसतो ते काम फारच छोटं असतं, एखादी नोंद वाचून परत देण्याएवढं. इंडेक्स नसलेली एक क्वेरी तो सगळा फरक गिळून टाकते.

मी जास्त वेळ अपग्रेडच्या वेळापत्रकावर घालवतो. लाराव्हेलची मोठी आवृत्ती दरवर्षी येते आणि तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या दोन वर्षं मिळतात. जँगोच्या एलटीएस (दीर्घकाळ आधार मिळणाऱ्या) आवृत्तीला तीन वर्षं मिळतात. ग्राहकाला सॉफ्टवेअर देऊन तुम्ही बाजूला होणार असाल तर हा एक वर्षाचा फरक मोठा आहे. स्प्रिंग बूट ३ ला (नोव्हेंबर २०२२) किमान जावा १७ लागतं, आणि त्याच वेळी ‘जावाएक्स’ने सुरू होणारी इम्पोर्ट ‘जकार्ता’ झाली. त्यात खूप टीमचे महिने गेले, कारण त्यांच्या जुन्या लायब्ररी तयार नव्हत्या. फास्टएपीआयचा आकडा अजून शून्याने सुरू होतो, म्हणून आवृत्ती पक्की बांधून ठेवा आणि प्रत्येक अपग्रेडआधी बदलांची यादी वाचा.

माझा कौल असा. फॉर्म, याद्या आणि ॲडमिन असलेलं ॲप, टीम छोटी: पायथन येत असेल तर जँगो, पीएचपी येत असेल तर लाराव्हेल, रुबी येत असेल तर रेल्स. यात भाषा बदलण्याइतका फरक नाही. फक्त एपीआय किंवा मशीन लर्निंग: फास्टएपीआय. सगळी टीम जावास्क्रिप्टची: नेस्ट. मोठे व्यवहार आणि दीर्घ आयुष्य: स्प्रिंग बूट किंवा डॉट नेट.

तरीही दोनांत अडकला असाल तर वरचं तक्रारीचं काम दोन्हींत आठवडाभर करून बघा. ते टीममधल्या सगळ्यात अनुभवी माणसाला देऊ नका, नुकत्याच रुजू झालेल्याला द्या. शेवटच्या दिवशी त्याला तक्रारीच्या टेबलात एक सक्तीचा कॉलम वाढवायला सांगा, टेबलात आधीच लाखभर नोंदी भरून ठेवा, आणि तो बदल मागे घ्यायलाही लावा.