५' यूटीआर की पूर्ण ई२? स्वाइन फीवरचा उपगट ठरवताना

क्लासिकल स्वाइन फीवरचा (डुकरांच्या साथीच्या तापाचा) विषाणू सापडला, आता त्याचा उपगट, म्हणजे १.१, २.२ अशी उपशाखा, सांगायचीय. अशा वेळी बहुतेकांची निवड दोघांत अडते: ५' यूटीआरचा (जीनोमच्या सुरुवातीचा, प्रथिनात न उतरणारा भाग) १५० न्यूक्लिओटाइडचा, म्हणजे जनुकीय अक्षरांचा तुकडा, की ई२ जीन सगळा, म्हणजे १११९ अक्षरं. मी दोन्ही वापरलेत.

गोव्यात ५' यूटीआरची बाजू हलकी नाही. सासष्टी-केप्यात परसातलं डुक्कर मेलं की कळायला उशीर होतो, त्यात पावसाळा. प्लीहेतला आरएनए (विषाणूचं जनुकीय द्रव्य) तुटलेला असतो. त्यातून लहान तुकडा निघतो, लांब सहसा हुलकावणी देतो. रोग आहे की नाही एवढंच विचारलं असेल, तर मी आजही ५' यूटीआरच लावतो. मात्र सगळ्या पेस्टिव्हायरसना (हा विषाणू ज्या कुळातला ते कुळ) धरणारे प्रायमर, म्हणजे हवा तो तुकडा पकडणारे छोटे डीएनए, असतील तर त्याच कुळातला गुरांचा बीव्हीडी विषाणूही येऊ शकतो, म्हणून सीक्वेन्स (अक्षरांचा क्रम) वाचल्याशिवाय नाव घेऊ नये.

मला छळलं ते ट्रीने, म्हणजे सीक्वेन्सवरून काढलेल्या वंशवृक्षाने. विषाणूचं प्रथिन बनायला सुरुवात होते ती ५' यूटीआरच्याच आधाराने, त्यामुळे तिथे फारसे बदल खपत नाहीत. जीनोटाइप (मुख्य गट) १, २, ३ वेगळे पडतात. पण २.१ आणि २.२ मधल्या फांदीला बूटस्ट्रॅप (फांदी किती भरवशाची ते सांगणारा आकडा) इतका कमी, की अहवालात '२.२' लिहायला मन घेईना. संदर्भाचे आणखी काही सीक्वेन्स घातले की आपला नमुना शेजार बदलायचा! आणि उपगटच तर हवा असतो. भारतात पूर्वी १.१ चा जोर होता, पुढे २.१ आणि २.२ दिसू लागले. बाहेरून आणलेल्या पिल्लांबरोबर काय आलं याचा माग इथूनच लागतो. १.१ निघाला तर तो लशीचा तर नाही ना, हेही पाहावं लागतं, कारण जुनी लस त्याच उपगटातली. १५० अक्षरांत त्याला पुरेसा पुरावा मिळणं कठीण.

ई२ हे विषाणूच्या बाहेरच्या आवरणातलं प्रथिन, प्रतिपिंडांचा रोख त्याच्यावर, म्हणून बदलही भरपूर. पूर्ण ई२ घेतल्यावर माझ्या फांद्या जागेवर राहिल्या. खर्च जास्त, प्रायमरही जास्त लागतात, आणि नमुना खराब असेल तर हाती काहीच लागत नाही. तरी उपगटाचं नाव लिहायचं असेल तर मी ई२ कडेच झुकेन.

लांब तुकडा एकदम निघत नसेल तर एकमेकांवर चढणारे दोन तुकडे करून बघा. टॉन्सिल मिळाला तर तोही घ्या, नुसत्या प्लीहेवर थांबू नका. ई२ चा १९० चा तुकडाही तुलनेला ठेवा. जुने सीक्वेन्स पुष्कळदा तेवढेच असतात.