सात रस्त्याजवळचा इंग्लिश स्पीकिंग क्लास: शिकवणं एक नंबर, बाकी सोय यथातथाच

सोलापुरात सात रस्त्याच्या मागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर हा क्लास आहे, नाव टाकत नाही कारण खाली तक्रारी पण लिहिणाराय. मी टॉवेल एक्स्पोर्टच्या ऑफिसात मेल बघतो, म्हणून संध्याकाळची बॅच लावली.

सर पाठांतर अजिबात करून घेत नाहीत, हे मला लई आवडलं. एकच साधा शब्द घ्यायचा आणि तोच पिळत बसायचा. आमच्या बॅचला ‘रन’ होता. रन म्हणजे पळणे हे तिसरीतलं पोरगं पण सांगेल की, पण ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीत नुसत्या क्रियापदाचेच ६४५ अर्थ निघालेत म्हणे! १९८९ च्या २० खंडांच्या आवृत्तीत ‘सेट’ पुढं होता, ४३० अर्थ, नंतर रनने त्याला मागं टाकलं. यंत्रं आली, कॉम्प्युटर आले, सगळंच ‘रन’ व्हायला लागलं, मग अर्थ वाढणारच.

आमच्याच ऑफिसातला किस्सा सांगतो. बायरचा मेल आला की नेव्ही ब्ल्यूचा कलर रन व्हायला नको. आमच्या एका पंटरनं वाचलं आणि मालकांना सांगितलं, “साहेब, नेव्ही ब्ल्यू चालत नाही म्हणायलाय!” मालक लॉट थांबवायला निघाले. बायरचं म्हणणं एवढंच होतं की धुतल्यावर रंग जायला नको. सरांना हे सांगितलं तर त्यांनी ते वाक्य तसंच फळ्यावर घेतलं आणि म्हणाले, अर्थ पाठ करू नका, आधी बघा रन काय होतंय. रंग असेल तर जातो, नाक असेल तर वाहतं, माग असेल तर चालतो, धंदा असेल तर माणूस तो चालवतो, आणि अमेरिकेतला पुढारी ‘रन’ करत असेल तर तो निवडणुकीला उभा आहे. ‘रन आउट’ला पण क्रिकेट डोक्यातनं काढा, गोडाऊनवाला म्हणाला तर माल संपलाय.

एकजण वैतागून म्हणाला, इंग्रजी भाषाच येडी आहे. सर म्हणाले, मग ‘लागणे’ घ्या. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, फोन लागत नाही, दूध खाली लागतं आणि तो माझा मामा लागतो. कधी पाठ केलं होतं का बे? सगळा वर्ग गप. मग एका कन्नडवाल्या काकांनी ‘हत्तु’ काढला, दहा पण तोच आणि चढणं पण तोच, तेलुगूवाल्या ताई पण सुरू झाल्या, त्या दिवशी तास अर्धा तास लांबला पण कोणी उठलं नाही.

आता तक्रारी. बॅच कधीच वेळेवर सुरू होत नाही. फी अडीच हजार, आणि झेरॉक्सचे पैसे वेगळे घेतात हे आधी कोणी सांगत नाही. गाडी लावायला जागा नाही. डेमो लेक्चरला नुसतं ग्रामर असतं, ते बघून निघून जाऊ नका, शब्दांचे तास पुढच्या आठवड्यापासून असतात. आणि एप्रिल-मेमध्ये लावणार असाल तर लवकर जाऊन खिडकीकडचा बाक धरा, पंखे दोनच आहेत आणि एक सरांच्या डोक्यावर.