३ किलोवॅट की ५? पुण्यातल्या गच्चीसाठी एक हिशोब

सोलर लावायचं की नाही, हे पुण्यात स्वतःची गच्ची असलेल्या बहुतेकांचं आता ठरलेलं असतं. घोडं अडतं ते किती किलोवॅट लावायचं तिथे. चार-पाच माणसांचं घर, दोन महिन्यांचा एसी आणि मासिक बिल तीनशे-चारशे युनिटांचं असेल, तर कोटेशन येतात ती दोनच आकड्यांची: ३ आणि ५. मी धायरीला राहतो आणि माझ्याकडे ३ आहे. मेव्हण्याकडे बाणेरला ५ आहे. दोघांची अ‍ॅप माझ्या फोनवर आहेत, त्यामुळे खाली जे लिहितोय ते या दोन गच्च्यांवरून. तुमचं घर वेगळं असेल, आकडेही थोडे हलतील.

दोन्ही सिस्टिम नेट मीटरच्या (जास्तीची वीज लाइनवर जाते आणि बिलातून वजा होते), बॅटरी नसलेल्या. म्हणजे गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट गेली की डोक्यावर कडक ऊन असूनही दोन्ही इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलांची वीज घरच्या विजेत बदलणारे डबे, बंद. लाइनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून ते मुद्दामच तसे बनवलेले असतात. ५ घेतलं तर निदान पंखे तरी चालतील, या आशेवर कुणी पुढे सरकत असेल तर तसं काही होत नाही.

पैशाचं आधी उरकतो. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत अनुदान म्हणून पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, असे एकूण ७८ हजार रुपये मिळतात. पुढे ५ लावा की १०, रक्कम तीच. हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण अनुदान हवं तर पॅनेलं देशी सेलची (सेल म्हणजे पॅनेलातल्या वीज बनवणाऱ्या चकत्या) लागतात आणि ती परदेशी सेलच्या पॅनेलांपेक्षा महाग पडतात, हे कोटेशन वाचताना सहसा लक्षात येत नाही. म्हणजे चौथ्या-पाचव्या किलोवॅटला अनुदान नाहीच, शिवाय पॅनेलं मात्र महागडीच घ्यायची. माझ्या कोटेशनांमध्ये अनुदान वजा केल्यावर ५ चा खर्च ३ च्या जवळजवळ दुप्पट जात होता, वीज मात्र पावणेदोन पट मिळणार होती. वेंडरप्रमाणे हे बदलेल, पण चित्र साधारण असंच राहील.

त्यात वीजदराच्या स्लॅबचा, म्हणजे टप्प्यांचा, मुद्दा मिसळा. आपल्या बिलात पहिली १०० युनिटं सगळ्यात स्वस्त, १०१ ते ३०० महाग आणि ३०० च्या वरची त्याहून महाग. पहिल्या आणि तिसऱ्या टप्प्याच्या दरात दुपटीहून जास्त अंतर आहे. सोलर ही उतरंड वरून खाली खायला लागतं. पुण्यात एका किलोवॅटला वर्षाच्या सरासरीनं दिवसाला चारेक युनिटं धरतात, माझा अनुभवही त्याच्या आसपासच आहे. म्हणजे ३ किलोवॅट महिन्याला साडेतीनशेच्या आगेमागे. चारशेच्या बिलातून तेवढी वजा झाली की उरतात ती तळातली स्वस्त युनिटं. ती वाचवण्यासाठी दीडेक लाख आणखी घालायचे का, याचं उत्तर मला तरी अवघड वाटलं नाही. बिलातला स्थिर आकार (वीज कितीही वापरा, लागतोच तो) तर दोघांनाही चुकत नाही, मेव्हण्याचंही बिल शून्य येत नाही.

इथवर ऐकून मेव्हणा म्हणाला होता, "भाऊजी, जागा आहे तर भरून टाका. जास्तीची युनिटं जमा होतात, कुठे जात नाहीत." मी अर्धा पटलोही होतो. मग ३१ मार्च मध्ये आला.

नेट मीटरमध्ये या महिन्यात उरलेली युनिटं पुढच्या महिन्याच्या खात्यात जातात, हे बरोबर. पण हे खातं आर्थिक वर्षापुरतंच चालतं. राज्य वीज नियामक आयोगाच्या नियमांप्रमाणे मार्चअखेर जी युनिटं शिल्लक राहतात, त्यांचे पैसे करून हिशोब मिटवला जातो आणि तो दर आपण वरच्या स्लॅबला भरतो त्याच्यापेक्षा बराच कमी असतो. १ एप्रिलला पाटी कोरी.

कागदावर हे फारसं टोचत नाही. पुण्याचं वर्ष त्याच्या शेजारी ठेवून बघितलं की टोचतं. आपल्याकडे युनिटं साठतात ती ऑक्टोबर ते मार्चमध्ये. आकाश निरभ्र, हवा थंड (पॅनेलांनाही थंडीच मानवते, तापली की ती कमी देतात), घरात एसी बंद, पंखेसुद्धा एकवर. फेब्रुवारी-मार्चमध्ये तर माझं ३ किलोवॅटसुद्धा मजेत असतं. आणि ही साठवण वापरायची वेळ कधी येते? एप्रिल-मेच्या रात्री, एसी लावल्यावर. नाहीतर जुलै-ऑगस्टमध्ये, सिंहगडाच्या बाजूनं आलेले ढग आठवडा-आठवडा हलत नाहीत आणि अ‍ॅपवर दिवसाची सात-आठ युनिटं दिसतात तेव्हा. म्हणजे पेटी भरत येते त्याच दिवशी रिकामी केली जाते. हिशोबाचं वर्ष सप्टेंबरला संपत असतं तर मी कदाचित ५ च लावलं असतं.

३ ला हा फटका जेमतेम जाणवतो, कारण साठायलाच फार काही नसतं. मेव्हण्याच्या खात्यात मात्र मार्चअखेर हजाराच्या घरात युनिटं पडून असतात. त्याचे पैसे येतात, नाही असं नाही, पण ते पाहून त्याचा चेहरा काही खुलत नाही. मार्च महिन्यात तो घरच्यांना "लावा एसी, लावा" म्हणत फिरतो. युनिटं वाया जाऊ नयेत म्हणून वीज वापरणं हे काही आपल्या स्वभावात बसत नाही.

जागेबद्दलही बोलायला हवं, कारण तिथे मेची साइट व्हिजिट दगा देते. पुणे कर्कवृत्ताच्या बरंच दक्षिणेला, साडेअठरा अंशांवर आहे. मेच्या मध्यावर इथे शून्य सावलीचा दिवस येतो, दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर. त्या सुमारास वेंडर गच्चीवर आला तर टाकीची सावली टाकीच्याच पायाशी असते आणि ५ किलोवॅट ऐसपैस बसणार असं दिसतं. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला झुकतो. जिन्याच्या खोलीएवढ्या उंच भिंतीची सावली भर दुपारीच जवळजवळ तिच्या उंचीइतकी उत्तरेकडे पडते, चार वाजता तर विचारू नका. किलोवॅटला ढोबळ १०० चौरस फूट धरतात, पण ते बिनसावलीचे हवेत. माझ्याकडे डिसेंबरच्या सावल्या वगळल्यावर साडेतीनशेच उरले, तेव्हा हा मुद्दाही ३ च्याच पारड्यात गेला. उंच स्ट्रक्चर करून ५ बसवता येतं. मग खर्च वाढतो आणि पॅनेलं धुवायला शिडी लागते. आमच्याकडे कबुतरं आणि बांधकामांची धूळ दोन्ही भरपूर, त्यामुळे धुणं टाळता येत नाही.

५ च्या बाजूनं बोलायचं तर इलेक्ट्रिक कार. ती घरी चार्ज होत असेल तर महिन्याच्या हजार किलोमीटरला साधारण दीडशे युनिटं जातात, म्हणजे एक-सव्वा किलोवॅट तिथेच संपलं. स्कूटर असेल तर एवढा विचार नको, ती फार कमी पिते. गॅस सोडून इंडक्शनवर आलात, किंवा दोन खोल्यांत एसी रात्रभर चालतो आणि वर्षाच्या सरासरीनं महिन्याचं बिल पाचशे युनिटांच्या वर आहे, तरीही ५ घ्या, माझी काही हरकत नाही. उलट अंघोळीचं पाणी अजून गिझरवर तापत असेल, तर आधी सोलर हीटरचा विचार करा. बिलातला तो वाटा गेला की तुमचाही आकडा ३ वर येण्याची शक्यता आहे. महापालिकेची मिळकतकरातली सवलत किलोवॅट मोजत नाही, त्यामुळे तिच्यासाठी मोठी सिस्टिम घेण्यात अर्थ नाही.

"पुढे वापर वाढेलच, वाढत्या अंगाचं घ्या," हा वेंडरचा आवडता मुद्दा. त्याला मी असं उत्तर काढलं: पॅनेलं ३ किलोवॅटची, इन्व्हर्टर ५ चा. फरक काही हजारांचा पडला. अनुदान पॅनेल आणि इन्व्हर्टर यांतल्या कमी क्षमतेवर ठरतं, त्यामुळे ७८ हजारांना धक्का लागत नाही. कार आली तर उरलेली पॅनेलं तेव्हा अनुदानाविना, म्हणून हव्या त्या सेलची घेता येतील. तेव्हा वाढीव क्षमतेसाठी पुन्हा अर्ज करावा लागेल आणि मंजूर भार (वीज कंपनीनं घराला ठरवून दिलेली किलोवॅटची मर्यादा) तपासावा लागेल. मात्र सहा पॅनेलांच्या एका रांगेचा व्होल्टेज त्या ५ च्या इन्व्हर्टरला पुरतो का, हे ऑर्डर देण्याआधी वेंडरकडून लिहून घ्या. काही मॉडेलांना तो पुरत नाही, आणि मग सकाळी ती उशिरा जागी होतात.