दोन हिवाळे, एक स्नोबोर्ड आणि गुलमर्गचा लहरी बर्फ

पुणे विमानतळावर चेक-इनच्या काउंटरवरच्या मुलीनं माझ्या लांबड्या पिशवीकडे बघत विचारलं, "सर, आत कॅरमबोर्ड आहे का?" म्हटलं, नाही, स्नोबोर्ड आहे. तिनं मान डोलावली आणि जादा सामानाचे पैसे लावले. कॅरम असता तरी तेवढेच लागले असते म्हणा.

हा बोर्ड, म्हणजे दोन्ही पाय बांधून बर्फावरून घसरायची फळी, मी ऑक्टोबर 2023 मध्ये म्युनिकला घेतला. ऑफिसच्या कामासाठी गेलो होतो, दुकानात मागच्या हंगामाचा माल सवलतीत लावलेला होता. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढे एक तक्रार आहे, शिवाय मॉडेलं दरवर्षी बदलतात, त्यामुळे नाव कळून तुमचा फारसा फायदाही नाही. लांबी 158 सेंटिमीटर, कडकपणा मध्यम, नाक रुंद आणि वर उचललेलं, पायांखाली कॅम्बर, म्हणजे मधे किंचित वर उचललेली कमान. माझं वजन 76 किलो. 2024 आणि 2025 असे दोन हिवाळे गुलमर्गला काढले, दिवसा लॅपटॉप आणि जमेल तेव्हा बर्फ. डायरीत 43 दिवसांची नोंद आहे.

"कुठला बोर्ड घेऊ?" असं मला बरेच जण विचारतात. मी उलट विचारतो, कुठल्या बर्फावर चालवणार? गुलमर्गला जायचं असेल तर आधी बोर्डाचा तळ बघा, आकार-बिकार नंतर. हे मी पैसे मोजून शिकलो.

जानेवारी 2024 आठवतोय का? बर्फाविना पिवळं पडलेलं गुलमर्ग, त्या गवतावर उभे घोडे आणि हिरमुसलेले पर्यटक, हे फोटो तेव्हा सगळीकडे फिरत होते. मी तिथेच होतो. चिल्लई कलां म्हणजे 21 डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस, काश्मीरच्या थंडीचा ऐन भर. थंडी होती, पण बर्फ नव्हता. इथला बर्फ आणतात ते भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात, आणि त्या डिसेंबर-जानेवारीत ते आले तेही रिकाम्या हातानं. वर अफरवट शिखराच्या बाजूला पांढरा थर दिसत होता. सगळे नको म्हणत असताना मी चौथ्या दिवशी तिकडे गेलोच.

तिसऱ्या वळणावर पायाखालून आवाज आला. पाट्यावर वरवंटा ओढावा तसा, खर्रर्र. उलटा करून पाहिलं तर तळावर वीतभर लांब ओरखडा, आत बोटाचं नख बसेल एवढा खोल. नशीब, खालची लाकडी गाभ्याची पट्टी शाबूत होती.

खाली बाजारात स्की दुरुस्त करणारे एक काका बसतात. टपरीएवढं दुकान, आत बुखारी धगधगतेय, भिंतीला पंधरा-वीस स्की टेकवलेल्या. बोर्ड हातात घेऊन म्हणाले, "पत्थर पे चलाया, जनाब?" मग प्लॅस्टिकची काळी कांडी पेटवली. पेटलेल्या टोकावरून थेंब थेंब ओरखड्यात सोडत गेले, कांडी तळाच्या अगदी जवळ धरून, ज्योत निळीच राहील अशा बेतानं. ज्योत पिवळी झाली की काजळी धरते आणि ते प्लॅस्टिक नीट चिकटत नाही, असं त्यांनी समजावलं. थेंब गार झाल्यावर पोलादी पट्टीनं वरचं फुगीर तासून काढलं, नंतर साध्या कपड्यांच्या इस्त्रीनं मेण फिरवलं. तीनशे रुपये आणि वर नून चाय.

माझ्या बोर्डाचा तळ एक्स्ट्रुडेड आहे, म्हणजे प्लॅस्टिक वितळवून ओढलेला. महाग बोर्डांचा सिंटर्ड असतो, भुकटी दाबून केलेला. तो मेण जास्त पितो, वेगानं पळतो, पण दुरुस्तीला कटकटीचा. दुकानात मला स्वस्त तळाची जरा लाजच वाटली होती. आता वाटतं, बरं झालं. दोन हंगामांत असले पाच ओरखडे भरून घेतलेत.

जानेवारी संपता संपता एकदाचं आभाळ भरून आलं आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत बर्फ पडत राहिला. त्यानंतरच्या आठवड्यात बोर्डाचे निम्मे पैसे वसूल झाले. गोंडोलाचा, म्हणजे इथल्या रोपवेचा, पहिला टप्पा 2,650 मीटरवरच्या गुलमर्गमधून कोंगडोरीला नेतो, दुसरा अफरवटच्या खांद्यावर, चार हजार मीटरला थोडंच कमी. दुसरा टप्पा वारा आणि हिमस्खलनाचा धोका बघून उघडतो, त्यामुळे सकाळी रांगेत उभं राहून पहाऱ्यावरच्या माणसाचा चेहरा वाचणं हाही खेळाचाच भाग. गुडघाभर भुसभुशीत बर्फात बाइंडिंग, म्हणजे बूट बोर्डाला बांधणारे पट्टे, दोन भोकं मागे सरकवली, तर नाक आपोआप वर राहिलं, मागचा पाय जळला नाही. वळताना आवाज येत नाही. ताज्या पिठात हात घातल्यासारखं वाटतं.

एक गैरसोय सांगतो, ती सगळ्याच बोर्डांची आहे. बाबा रेशीच्या दर्ग्याकडे झाडीतून उतरताना शेवटी सपाट वाट लागते. स्कीवाले काठ्या मारत निघून जातात, आपण एक पाय सोडवून लंगडी घालायची. पहिल्या वेळी अर्धा तास लागला. वेग राखून ठेवायला शिकलो, तर आता दहा मिनिटांत होतं.

आता स्पर्धांबद्दल. खेलो इंडिया विंटर गेम्सचा गुलमर्गमधला टप्पा 21 ते 25 फेब्रुवारी 2024 असा होता. महाराष्ट्राचं पथक म्हटलं की मला आधी याच स्पर्धांच्या लेह टप्प्यातली, रिंकवरची स्केटिंगची मुलं आठवतात, तरी उतारावर कोणी आपलं दिसतंय का, म्हणून मी स्नोबोर्डच्या शर्यतींना जाऊन उभा राहिलो. तिथे लक्षात आलं की मला हवा असलेला बर्फ आणि शर्यतीला हवा असलेला बर्फ यांचं उभं वैर आहे. रात्री पडलेला ताजा बर्फ माझ्यासाठी सण, आयोजकांसाठी डोकेदुखी. मऊ बर्फावर पहिले दहा जण गेटभोवती, म्हणजे वळणाच्या खुणेच्या काठ्यांभोवती, वळले की तिथे चर पडतात, आणि मागून येणारा त्या चरांतच धडपडतो. म्हणून ताजा बर्फ बाजूला सारतात, उतार दाबून कडक करतात. परदेशातल्या मोठ्या शर्यतींत तर ट्रॅकमध्ये पाणी सोडून तो गोठवतात. 2022 चं बीजिंग ऑलिम्पिक जवळपास पूर्ण यंत्राच्या बर्फावर झालं, कारण शर्यतीला सुंदर बर्फ लागत नाही, एकसारखा लागतो.

शर्यतीशेजारच्या दाबलेल्या उतारावर माझा बोर्ड चालवून पाहिला आणि त्याची खरी उणीव तिथे कळली. टणक बर्फावर वेग वाढला की ते रुंद नाक फडफडायला लागतं. टाचेकडच्या एजवर, म्हणजे बोर्डाच्या पोलादी कडेवर, भार दिला की थरथर थेट दातांपर्यंत येते. अल्पाइन शर्यतीचे बोर्ड अरुंद, ताठ, वर कडक बूट. ती जातच वेगळी. 2018 मध्ये चेक प्रजासत्ताकाच्या एस्टर लेडेत्स्कानं एकाच ऑलिम्पिकमध्ये स्कीचं सुपर-जी आणि स्नोबोर्डचं पॅरलल जायंट स्लॅलम, दोन्ही सुवर्णं जिंकली. तिच्या हाती माझा बोर्ड दिला असता तर कदाचित तिनं तोही सरळ चालवला असता. मला मात्र जमत नाही.

त्याच आठवड्यात, 22 तारखेला, हिमस्खलनात एक रशियन स्कीअर गेला. संध्याकाळी लॉजमध्ये कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. तेव्हापासून दाबलेल्या उताराबाहेर जायचं तर बर्फाखाली गाडलेल्याचा ठाव लावणारा ट्रान्सीव्हर, फावडं, बर्फात खुपसून शोधायची काठी म्हणजे प्रोब आणि स्थानिक गाईड, यातलं एक कमी असलं तरी मी जात नाही. नव्या बोर्डाच्या बजेटमध्ये हा खर्च आधीच धरा.

आता तक्रार. मार्च 2024 मध्ये उणे बारा तापमानात डाव्या बाइंडिंगचा घोट्यावरचा पट्टा आवळताना रॅचेटचा, म्हणजे दातेरी खटक्याचा, दात तुटला. कंपनीला फोटोसह मेल टाकला. उत्तर आलं की फॉर्म भरा. भरला. मग म्हणाले, पावतीची मूळ प्रत हवी. तीही पाठवली. त्यानंतर सगळं शांत. शेवटी म्युनिकच्या मित्रानं सुटा पट्टा विकत घेऊन दिवाळीला येताना आणला. दोन सुटे पट्टे आणि चार स्क्रू जवळ ठेवा, इकडे मिळत नाहीत.

2025 ला पुन्हा तोच खेळ. खेलो इंडियाचा गुलमर्गचा टप्पा 22 ते 25 फेब्रुवारीला ठरला होता, पण बर्फ पुरेसा नव्हता म्हणून पुढे ढकलला. मग फेब्रुवारीच्या अखेरीस बर्फ आलाच, आणि स्पर्धा 9 ते 12 मार्चला झाल्या. मी तिकिटं बदलून थांबलो. मार्चच्या बर्फाचे दिवसात दोन अवतार: सकाळी काच, दुपारी गोळेवाल्याच्या गाडीवरचा बर्फ. दुपारच्या त्या लगद्यावर मी थंडीचं मेण लावून उतरलो, तर सावलीतून उन्हात शिरताक्षणी बोर्डाला कोणी मागून पकडल्यासारखं झालं आणि मी तोंडावर. दुसऱ्या दिवशी काकांनी जुनं मेण काढून उबदार बर्फाचं लावलं, फरक लगेच जाणवला. मेणाचे दोन प्रकार जवळ असू द्या. शर्यतवाल्यांसारखं महाग काही लागत नाही. त्यांचं फ्लोरिनचं मेण तर जागतिक स्की महासंघानं 2023-24 च्या हंगामापासून बंदच केलंय.

असा बोर्ड घ्यावा का? फेब्रुवारीत गुलमर्गला जाऊन खोल बर्फात रमायचं असेल, वजन 70 ते 85 किलोच्या दरम्यान असेल, तर जरूर. गेटमधून पळायचं असेल तर अजिबात नाही. आणि पहिल्याच आठवड्यात शिकायला जाणाऱ्यानं भाड्याचा बोर्ड घ्यावा. दगड त्याच्यासाठी राखून ठेवलेलेच असतात, ते स्वतःच्या बोर्डाला का दाखवायचे?

सध्या पुण्यात पाऊस आहे. गेल्या पावसाळ्यात एजला गंज धरला होता, म्हणून या वेळी कोरडा पुसून, काकांच्या पद्धतीनं जाड मेणाचा थर देऊन, चादरीत गुंडाळून पलंगाखाली सरकवलाय. त्यासाठी आईची जुनी इस्त्री वापरली. काल तिनं त्याच इस्त्रीनं बाबांचा पांढरा सदरा केला. त्यावरून घरात जे चाललंय ते अजून मिटलेलं नाही.