बार्लेतला सीमेवरचा कॅफे: कॉफी ठीक, जागा भन्नाट

आइंडहोवनहून रविवारी बार्लेला, म्हणजे नेदरलँड्स आणि बेल्जियम या दोन देशांत वाटल्या गेलेल्या गावाला गेलो होतो, तिथल्या एका कॅफेबद्दल लिहितोय. फुटपाथवर पांढऱ्या क्रॉसची रेघ आहे, एका बाजूला एनएल आणि दुसऱ्या बाजूला बी, आणि आमचं टेबल बरोब्बर त्या रेघेवर, म्हणजे बायको बेल्जियममध्ये आणि मी नेदरलँड्समध्ये 😄 कॉफी कोमट होती, अ‍ॅपल पाय मात्र एक नंबर, त्यावरची दालचिनी बघून आईच्या डब्याची आठवण झाली.

गाव केवढं, तर डच बार्ले-नासाऊचे जेमतेम सात हजार आणि बेल्जियन बार्ले-हेर्टोगचे तीन हजारच्या आसपास, दोन्ही मिळून आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या खेड्याएवढी वस्ती, पण महापौर दोन, नगरपालिका दोन. बेल्जियमचे 22 तुकडे इथे डच जमिनीत विखुरलेत आणि त्यातल्या काहींच्या पोटात परत डच तुकडे! घराचं मुख्य दार ज्या देशात उघडतं तो तुमचा देश. बरं, बेल्जियन बाजूला राहणाऱ्यांतही डच नागरिक बरेच आहेत, त्यामुळे घराच्या नंबरवरचा झेंडा बघून माणूस कुठला ते सांगता येत नाही.

सर्व्हिस स्लो, अर्धा तास बिलाची वाट बघितली. साडेतीन स्टार.